नळीतला बुडबुडा

आमच्याकडे १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिच्या डिकीत स्टेपनी, जॅक, पाने यांच्यासोबत बाबांच्या जुन्या धोतराचं एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते. पुसापुशीसाठी नाही, औषध म्हणून. लहानपणी मे महिन्यात मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाट चढेपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी यायची, इगतपुरीला आम्ही चहाला थांबायचो आणि चहा पिऊन परत बसलो की ती काही केल्या चालू व्हायची नाही. सेल्फ फिरतोय, बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन पकडतच नाही. मग बाबा शांतपणे बोनेट उघडून ते फडकं भिजवायचे, इंजिनाच्या कडेला असलेल्या एका वाटीएवढ्या डब्यावर गुंडाळायचे आणि दहा मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत. दहा मिनिटांनी गाडी चालू. मला ते बरीच वर्षं तापात कपाळावर ठेवतात तसलंच काहीतरी वाटायचं.

तो डबा म्हणजे एसी पंप. एसी म्हणजे थंडावा नव्हे, गॅरेजवाले पेट्रोल खेचणाऱ्या पंपाला तसं म्हणतात. आत एक लवचिक पडदा असतो, कॅमशाफ्टवरचा (इंजिनासोबत फिरणाऱ्या दांड्यावरचा) उंचवटा एका दांडीने तो पडदा खाली ओढतो, त्यामुळे मागच्या टाकीतून पेट्रोल ओढलं जातं, आणि स्प्रिंग पडदा परत वर ढकलते तेव्हा ते पेट्रोल कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे जातं. दोन छोट्या झडपा, एक आत येऊ देणारी, एक बाहेर जाऊ देणारी. बस एवढंच यंत्र. पण हे सगळं चालतं एका अटीवर, की नळीत जे आहे ते दाबल्यावर आकसू नये. द्रव असेल तर प्रॉब्लेमच नाही, कारण पाण्यावर शंभर वातावरणांइतका (म्हणजे नेहमीच्या हवेच्या शंभरपट) दाब टाकला तरी ते अर्ध्या टक्क्याएवढंच आकसतं, पेट्रोल जरा जास्त आकसतं पण तेही नावापुरतं. वायू मात्र दाब दुप्पट झाला की निम्मा होतो, हा बॉइलचा नियम आपण शाळेत पाठ केलाय आणि विसरलोय. पंपात वायू भरला की पडदा खाली जातो, वायू पसरतो, पडदा वर येतो, वायू आकसतो, आणि झडपा उघडण्यापुरता दाबच तयार होत नाही. पंप चालू आहे, काम शून्य.

आता हा वायू आला कुठून, तर पेट्रोल उकळून. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, हलक्या-जड हायड्रोकार्बनांची ती मिसळ आहे, त्यामुळे त्याला एक असा उत्कलनबिंदू नसतो. सगळ्यात हलका भाग साधारण ३५-४० अंशांनाच उकळायला लागतो आणि जड भाग पार २०० च्या आसपास. त्यात पंप खेचतो तिथे नळीतला दाब हवेपेक्षा कमी, इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर म्हणजे हवेचा दाबच ६-७ टक्के कमी, आणि दाब कमी झाला की उकळणं अजून लवकर. आणि उकळलं की थोडंथोडकं नाही, एक थेंब पेट्रोलची साधारण दोनशे थेंबांएवढी वाफ होते.

पण मग चालू गाडीत का नाही होत, थांबल्यावरच का? हे मला खूप उशिरा कळलं. गाडी चालू असताना पंख्याची हवा फिरत असते आणि टाकीतून थंड पेट्रोल सतत पंपात येत असतं, म्हणजे पंपाची आपोआप आंघोळ चाललेली असते. इंजिन बंद केलं की हवाही थांबते आणि पेट्रोलही, इंजिनाचं तापलेलं लोखंड मात्र तसंच असतं, त्याची उष्णता आजूबाजूला पसरते आणि बोनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं चक्क वाढतं. आम्ही चहा पीत असायचो तेव्हा पेट्रोलही चहासारखंच उकळत असायचं.

फडक्याचा हिशोब तर भारी आहे. एक ग्रॅम पाणी सुकताना साधारण ५४० कॅलरी उष्णता घेऊन जातं, माठाचं तेच गणित. अर्धा किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा पंप धरला आणि तो ४० अंशांनी थंड करायचा म्हटलं तर आठेक ग्रॅम पाणी पुरे, म्हणजे दोन छोटे चमचे. प्रत्यक्षात इंजिन उष्णता पुरवत राहतं त्यामुळे जास्त लागतं, पण फडकंभर पाणी खूप झालं. (बादलीभर पाणी ओतू नका, तापलेल्या एक्झॉस्टच्या बिडाला त्याने तडा जाऊ शकतो. आणि बोनेटखाली पेट्रोलची वाफ असताना शेजारी कोणी विडी पेटवत असेल तर त्याला आधी लांब पाठवा.) कोकणात जूनमध्ये हाच उपाय मे महिन्यातल्या नाशिकइतका पटकन चालणार नाही, कारण दमट हवेत फडकं सुकतच नाही. अमेरिकेत जुने लोक यासाठी पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे, त्याने काय होत असेल तर मला तरी समजलेलं नाही. चिमटे लावेपर्यंत गाडी निवते, हाच त्यातला गुण असावा.

हे सगळं मला फार अभिमानाने समजलं आणि त्यातूनच माझा पोपट झाला. बाबांनी गाडी माझ्या हवाली केल्यावर एका डिसेंबरात ती रोज सकाळी पाच मिनिटं चालून झटके खायला लागली. मी फडकं गुंडाळलं. डिसेंबरात! अर्थातच काही झालं नाही. एका गॅरेजवाल्याने पंप गेला म्हणून नवीन टाकला, आठवड्याने परत तेच, मग हा पीस डुप्लिकेट निघाला म्हणून दुसरा टाकला, परत तेच. शेवटी आमच्या गल्लीत राहणारे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आले, त्यांनी टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही गळते का रे?" मी म्हटलं, नाही काका, एकदम कोरडी आहे, मी रोज बघतो. ते म्हणाले, "म्हणूनच इथे बघायचं."

याचा अर्थ लागायला मला वेळ लागला. पंपाच्या अलीकडे, म्हणजे खेचण्याच्या बाजूला, नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. उसाच्या रसातली फाटकी स्ट्रॉ कशी, रस सांडत नाही पण तोंडात नुसती हवा येते, तसं. पंपाच्या पलीकडे दाब जास्त, तिथे चीर पडली की लगेच थेंब दिसतो आणि वासही येतो. काकांनी पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि म्हणाले, मार सेल्फ. आणि खरंच, नळीतून बारीक बारीक बुडबुडे मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागून एक पंपाकडे चालले होते. जुन्या नळीला क्लिपच्या खाली एक केसाएवढी चीर होती, वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. दोन पंपांचे पैसे गेले आणि दुखणं हातभर रबराचं निघालं. पारदर्शक तुकडा फक्त बघण्यापुरता लावायचा हां, पेट्रोलने ती नळी कडक होते, मग पेट्रोलसाठीची रबरी नळीच टाकायची. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं, तेव्हा नळ्या आणि पंपाचा पडदा वेळच्या वेळी बघत जा.

नवीन गाड्यांना हा त्रास नाही, कारण त्यांचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तो खेचत नाही, मागून ढकलतो, आणि नळीत तीनेक वातावरणांचा दाब असल्यामुळे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

डिझेलवाल्यांची गोष्ट वेगळी, डिझेल असं उकळत नाही, पण बुडबुडा तिथे जास्त नडतो. माझ्या मामाचा टाटा ४०७ टेम्पो आहे, कांदा घेऊन लासलगावला जातो, एकदा पोचायच्या थोडं अलीकडे डिझेल संपलं. कॅनने डिझेल आणून ओतलं तरी चालू होईना. मी उत्साहाने चावी फिरवायला गेलो तर मामा ओरडला, "भाच्या, सेल्फ मारू नको, बॅटरी बसवशील, एअर घेतलीय त्याने!" या जुन्या डिझेल इंजिनांत नोझलची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीची) सुई उघडायला साधारण २०० वातावरणांचा दाब लागतो आणि एका वेळी सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल असतं फार तर एक थेंब. त्या थेंबाच्या जागी बुडबुडा असला तर २०० पट दाबाखाली तो २०० पट लहान होतो आणि पंपातल्या प्लंजरची, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दांड्याची, सगळी धाव त्याला आकसवण्यातच संपते, सुई हलत सुद्धा नाही. मामाने फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि हँडपंप मारत बसला. आधी नुसती फुसफुस, मग साबणासारखा फेस, मग फेस आणि डिझेल मिसळून, आणि शेवटी अखंड काचेसारखी धार आली तसा मारता मारताच स्क्रू आवळला. मग तेच एफआयपीवर, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावर, मग नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून थोडा सेल्फ. त्या वेळी नोझलच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि तो दवाखान्याचाच विषय असतो. रेडिएटर पूर्ण रिकामा करून भरतानाही हवा अडकते, पण तिथे फार डोकं लागत नाही, इंजिन थंड असताना झाकण उघडं ठेवून हळूहळू पाणी भरायचं, मग तसंच चालू करून बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं.

खरा भीतीदायक बुडबुडा ब्रेकमधला. हिशोब करून बघा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ज्यातला पिस्टन ऑइल चाकांकडे ढकलतो तो) २० मिलिमीटर व्यासाचा धरला आणि ब्रेक ऑइलच्या नळीत एक घनसेंटीमीटर हवा आहे, बोटाच्या पेराएवढी पण नाही. पेडल दाबल्यावर ती हवा जवळजवळ शून्य होईपर्यंत चाकाकडे दाब पुरेसा जात नाही, त्यासाठी पिस्टनला तीनेक मिलिमीटर जास्त सरकावं लागतं, आणि पेडल पिस्टनच्या पाचपट हलतं असं धरलं तर पायाखाली दीड सेंटीमीटर पोकळ. स्पंजी पेडल म्हणतात ते हे.

ही हवा दुरुस्ती करताना शिरते हे एक, पण दुसरा रस्ता जास्त लबाड आहे. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. नवीन कोरडं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, पाय उचलला की दाब उतरतो आणि त्याच क्षणी आतलं पाणी उकळून वाफ होते, पुढच्या वळणावर पेडल थेट जमिनीला. आणि वाईट भाग असा की गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल पहिल्यासारखं कडक, गॅरेजला न्याल तर तो म्हणणार यात काहीच बिघाड नाही. म्हणून जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा म्हणतात, आणि म्हणून मी दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की, ब्रेक ऑइल बदलतो, ऑइल वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी.

हे काम एकट्याने होत नाही. आमच्याकडे सीटवर आई बसते आणि चाकाखाली मी. (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.) मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, चाकाजवळच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं, म्हणजे हवा परत आत जायला नको. "आई दाब... धर धर... सोडू नको हां..." मी निप्पल पाव आटा सैल करतो, काळपट ऑइल आणि त्यातून दोन-तीन बुडबुडे डुलत डुलत बाटलीत, परत आवळतो, "हां, सोड." आई कुकरच्या शिट्ट्या मोजावं तशी मोजते आणि मध्येच विचारते, अजून किती, माझा भात लागेल. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर तिथूनच नवीन हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

आणि ते ऑइल रंगावर सांडू द्यायचं नाही, ते रंग उचलतं. पहिल्या वेळी मी बाटली मडगार्डवर ठेवली होती. तिथे तळहाताएवढा डाग अजून आहे, बाबा आलेल्या पाहुण्यांना गाडी दाखवताना तोही दाखवतात आणि कोणी केला ते नाव घेऊन सांगतात.