अ‍ॅक्शन फिगरचा पेंट जाणं

हात-पाय-मान हलणाऱ्या कलेक्टिबल फिगरवरचा रंग हाताळून, घासून, घामाने नाहीतर चुकीच्या साफसफाईने निघतो, त्याला कलेक्टर लोक पेंट वेअर किंवा पेंट रब म्हणतात. लूज म्हणजे पाकिटाबाहेरची फिगर घेताना किंमत बरीचशी यावरच ठरते. नाकाचा शेंडा, केसांची पुढची कड, बोटांची पेरं, बुटांची टोकं आणि गुडघे-कोपरं ही रंग उडायची ठरलेली ठिकाणं.

आधी एकच गोष्ट बघायची, रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला आहे का वरून मारलेला. काळ्या प्लॅस्टिकचा हात कितीही घासला तरी काळाच राहतो, पण तोच हात पांढऱ्या प्लॅस्टिकचा असून वरून काळा मारला असेल तर कोपर दोनचारदा वाकवलं की आतला पांढरा डोकावतो. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या १९८२ च्या जी.आय. जो या सैनिक-फिगरच्या सिरीजमधला स्नेक आइज याचं भारी उदाहरण आहे, खर्च वाचवायला त्याला पेंटच दिला नव्हता, नुसतं काळं प्लॅस्टिक, त्यामुळे त्याचा पेंट जायचा प्रश्नच येत नाही (अंगठा तुटायचा प्रश्न मात्र येतो, त्यावर पुढे).

१९६४ चा पहिला जी.आय. जो १२ इंची होता आणि त्याला खरे कापडी कपडे होते, म्हणजे अंगावर पेंट फार नव्हताच. १९७८ मध्ये केनर या खेळणी कंपनीने स्टार वॉर्स सिनेमाच्या पावणेचार इंची फिगर आणल्या, मग १९८२ मध्ये जी.आय. जो पण त्याच साइजमध्ये परत आला, आणि आता कपडे, पट्टे, बकलं सगळं साच्यातच कोरलेलं आणि वरून रंगवलेलं. तिथून ही डोकेदुखी वाढली. केनरच्या सी-थ्रीपीओवर (स्टार वॉर्समधला सोनेरी रोबॉट) तर पेंट नाही, चकचकीत सोनेरी धातूचा पातळ मुलामा आहे, तो बोटांनी नुसतं धरून धरूनही मंद होत जातो. एकदा गेला की परत आणता येत नाही.

आपल्याकडच्या लोकांना जी.आय. जो माहीत आहे तो फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीचा. हॅस्ब्रोच्याच साच्यांतून काढलेल्या या फिगरचे रंग कधीकधी अमेरिकेतल्यापेक्षा एकदम वेगळे असायचे म्हणून आता बाहेरचे कलेक्टर पण त्या शोधत असतात. यांच्यावरचा पेंट मुळातच जरा ऐसपैस, कडेबाहेर गेलेला असतो, तेव्हा फॅक्टरीचा दोष आणि वापराची झीज यात गल्लत करू नये. झीज उंचवट्यावर होते आणि तिच्या कडा विरत जातात, फॅक्टरीत सुटलेला भाग खोलगट जागेतही सापडतो.

हाताळण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अडकलेल्या जॉइंटला जोर लावून. फॅक्टरीत पेंट ओला असताना जोडणी झाली की तो डिंकासारखा चिकटून बसतो, मग पिरगाळलं की पेंटचा पोपडा तरी निघतो नाहीतर आतली पिन तरी तुटते. हेअर ड्रायरने किंवा गरम (उकळत्या नाही) पाण्यात थोडा वेळ धरून पीव्हीसी (फिगरचं प्लॅस्टिक) मऊ करायचं आणि हळूहळू हलवायचं. तरी घासत असेल तर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब. जुन्या जी.आय. जोच्या हातात जाड मुठीची बंदूक कोंबू नये, अंगठा हमखास मोडतो, आणि मोडला नाही तरी तळव्यावरचा रंग खरवडला जातो.

साफ करायला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, अल्कोहोलने अ‍ॅक्रेलिक पेंट सुटतो आणि अ‍ॅसिटोनने तर खालचं प्लॅस्टिकपण विरघळू शकतं. बरीच वर्षं डब्यात बंद राहिलेली फिगर चिकट लागते ती मळाने नाही, पीव्हीसी मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर बाहेर येतं म्हणून, आणि लोक नेमकं तेच खसाखसा पुसतात आणि पेंट घालवून बसतात. काळ्या कापडी केपचा रंग पांढऱ्या अंगावर उतरला असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडवालं पिंपल्सचं क्रीम लावून उन्हात ठेवतात, डाग फिका होतो, पण हे फक्त उघड्या प्लॅस्टिकवर, पेंटला लागलं तर तोही फिका पडतो.

मोठ्या वन-सिक्स्थ स्केल (खऱ्या मापाच्या एक-षष्ठांश) फिगरमध्ये पेंटइतकाच त्रास रेग्झिनच्या जॅकेटचा. त्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू फुटतं आणि पापुद्रे सुटायला लागतात, त्यामुळे मुंबई-कोकणात काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि त्या वेळच्या वेळी बदलणं आलंच. अशा फिगरचे रबरी हात कायम वाकवून ठेवले तर कोपरावर भेगा पडतात, म्हणून बरेच जण सरळ पोजमध्येच उभ्या करतात.

टच-अपवर, म्हणजे उडालेल्या जागी नवा रंग लावण्यावर, मतं फाटलेली आहेत. स्वतःच्या शेल्फसाठी पातळ अ‍ॅक्रेलिकचा हात मारला तर कोणाचं काही जात नाही, पण विकताना न सांगता टच-अप केलेली फिगर ओरिजिनल पेंटची म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक. जाणते लोक यूव्ही टॉर्च मारून बघतात, नवा रंग जुन्यापेक्षा वेगळा दिसायची शक्यता असते.