बोटांची ताकद येते अग्रबाहूतून

डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा मांसल भाग हलकेच धरावा आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून वाकवावीत. हालचाल जाणवते ती बोटांपासून वीतभर दूर. माणसाच्या बोटांत हाडे, सांधे, रक्तवाहिन्या आणि चेता आहेत, परंतु बोट वाकवणारा किंवा ताठ करणारा एकही स्नायू खुद्द बोटात नाही. तळहातातील छोटे स्नायू नाजूक हालचाली सांभाळतात. घट्ट पकडीचे बळ मात्र कोपर आणि मनगट यांच्यामधील अग्रबाहूतून येते आणि ते कंडरांच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरांच्या, मार्गाने बोटांपर्यंत पोहोचते. एवढे मांस बोटांतच असते, तर ती जाडजूड होऊन सुईत दोरा ओवणेही अवघड झाले असते.

अंगठा सोडून इतर चार बोटे वाकवण्यासाठी अग्रबाहूत एकाखाली एक असे दोन स्नायू आहेत. वरच्या स्नायूची कंडरा बोटाच्या मधल्या पेरापर्यंत जाते, तर खालच्या स्नायूची कंडरा शेवटच्या पेरापर्यंत. खालच्या कंडरेला अधिक दूर जायचे असल्याने वरची कंडरा पहिल्या पेरापाशी दुभंगते आणि खालची त्या फटीतून पुढे निघून जाते. शरीररचनेतील इतकी सुबक जागा मला दुसरी आठवत नाही. बोट वाकताना या कंडरा हाडापासून सुटून तळहाताकडे ताणल्या जाऊ नयेत, म्हणून तंतुमय कड्या त्यांना हाडालगत धरून ठेवतात.

मनगटात जागा फारच कमी असते. तेथील ‘कार्पल टनेल’ नावाच्या अरुंद बोगद्यातून ९ कंडरा आणि एक महत्त्वाची चेता जाते. आत सूज आली की कंडरांपेक्षा मऊ असलेली ही चेता दबते; मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. करंगळीची संवेदना दुसऱ्या चेतेकडे असल्याने ती यातून सुटते.

पकडीत मनगटाचा वाटा किती, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी. ती घट्ट होतच नाही. बोटे वाकवणारे स्नायू मनगट ओलांडून जातात, त्यामुळे मनगट वाकताच ते आखूड होतात आणि आणखी आकुंचन पावायला त्यांना फारसा वाव उरत नाही. म्हणूनच आपण काहीही घट्ट पकडतो, तेव्हा अग्रबाहूच्या मागील बाजूचे स्नायू नकळत मनगट मागे खेचून स्थिर ठेवतात. या स्नायूंना चालवणाऱ्या रेडिअल चेतेला दंडाच्या हाडाजवळ इजा झाली, तर मनगट लुळे पडते आणि बोटे वाकवणारे स्नायू शाबूत असूनही पकड ढिली होते. अशा रुग्णाच्या मनगटाला पट्टीचा आधार देऊन ते किंचित मागे वळलेल्या स्थितीत ठेवले, की त्याच बोटांची पकड पुन्हा बरीच सुधारते.