पिक्चरमधलं नाही म्हणजे इंडी? नाही हो!

२०१० ते २०१९ या दशकातले बेस्ट इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, अल्बम अशी यादी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी टाकतंच, आणि त्यात स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या प्रतीक कुहाडच्या शेजारी पंजाबी पॉपवाला गुरु रंधावा खुशाल बसलेला असतो. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "पिक्चरमधलं गाणं नाहीये ना, मग इंडीच की." अरे, 'हाय रेटेड गबरू' टी-सीरिजनं काढलंय! देशातली सगळ्यात मोठी म्युझिक कंपनी ज्याच्या मागे उभी आहे तो इंडिपेंडंट कुणापासून?

नॉन-फिल्मी गाणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. आपलं आख्खं भावगीत पिक्चरच्या बाहेर वाढलं, अरुण दातेंचं 'शुक्रतारा' कुठल्या सिनेमातलं हे कुणी विचारत नाही, पण तबकडी एचएमव्हीचीच होती. नव्वदच्या दशकातलं इंडीपॉप (इथे इंडी म्हणजे इंडियन) तसंच, अलिशाचं 'मेड इन इंडिया' (१९९५) आणि दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' दोन्ही मॅग्नासाऊंड कंपनीचे. मस्त गाणी, कंपनीची गाणी. पुढे जाऊ.

खरी गोची मास्टरपाशी होते आणि तिथेच लोक झोपतात. एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, ज्याला सगळे मास्टर म्हणतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक प्रोड्युसर, आणि इथे प्रोड्युसर म्हणजे लॅपटॉपवर बीट बनवणारा मित्र नव्हे, तर ज्यानं पुढाकार घेऊन ते रेकॉर्डिंग करायची जबाबदारी उचलली तो. म्हणजे स्टुडिओचं बिल, व्हिडिओ, प्रमोशन सगळं कंपनीनं केलं की मास्टर बहुतेक वेळा कंपनीचा, आणि तोही रिलीजनंतर ६० वर्षं. २०१२च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, हे फार बरं झालं, पण त्यानं मास्टर परत मिळत नाही, हे दोन हक्क एकच समजून लोक जे वाद घालतात ते वाचून डोकं उठतं.

बरं, सही केली म्हणजे मास्टर गेलाच असंही नाही. लायसन्स म्हणजे फ्लॅट भाड्यानं देणं, असाइनमेंट म्हणजे खरेदीखत. लायसन्सची मुदत संपली की किल्ली परत. असाइनमेंटच्या करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, पण कंपनीचा वकील हे लिहायला विसरेल अशी आशा ठेवू नका, ते "संपूर्ण विश्वात, कायमचं" असंच लिहितात. आणि तिसरा प्रकार डिस्ट्रिब्युटर, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर वगैरे. हे फक्त गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपलवर पोचवतात आणि फी किंवा हिस्सा घेतात, मास्टरला हात लावत नाहीत. ट्यूनकोअरवरून रिलीज केलं म्हणून "लेबलनं (म्हणजे म्युझिक कंपनीनं) साइन केलं" असं बायोत लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपलवर अल्बमच्या पानाच्या अगदी तळाशी जायचं, गोलातल्या सी कडे दुर्लक्ष करायचं आणि गोलातल्या पी पुढे कुणाचं नाव आहे ते बघायचं, रेकॉर्डिंगवर हक्क सांगणारा तो. तिथे सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर, टी-सीरिज, सारेगामा असं काही दिसलं तर इंडी नाही, गिटार कितीही हळू वाजू दे. कलाकाराचं नाव किंवा छोट्या, कुणा बड्याच्या मालकीच्या नसलेल्या लेबलचं नाव असेल तर माझ्या लेखी इंडी. लेबल आलं की बाटला असं म्हणणारे शुद्धतावादी मला पटत नाहीत, तसं बघितलं तर कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीचा 'ओशन' (२०१६) पण बाद होईल, कारण तो लंडनच्या पीसफ्रॉग या छोट्या लेबलनं काढला.

याच कसोटीवर रॅपवाल्यांना राग येतो. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपर्सचं 'मेरे गली में' (२०१५) गल्लीतलं असलं तरी काढलं सोनीनं. आणि डिव्हाइनचा 'कोहिनूर' (२०१९) आला मास अपील इंडिया या लेबलकडून, जे युनिव्हर्सलच्या भागीदारीत सुरू झालं होतं. भारी अल्बम आहे, पण इंडीच्या यादीत मी घेणार नाही.

आवाजावरून ठरवणाऱ्यांना तर काय बोलायचं, युकुलेले, कुजबुजता आवाज आणि पाऊस पडणारी खिडकी याला "इंडी व्हाइब" म्हणतात म्हणे. आणि पिक्चरला गाणी दिली की इंडिपेंडंटपणा संपतो हेही खोटं, इंडियन ओशननं 'मसान' (२०१५) केला. त्याच बँडनं २०१० मध्ये कंपनी बाजूला ठेवून '१६/३३० खजूर रोड' नेटवर फुकट टाकला, सात गाणी, महिन्याला एक. बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती आदल्याच डिसेंबरमध्ये गेले होते आणि दर महिन्याला नव्या गाण्यात ते होते. दशकाची सुरुवात इथून धरा, कुठल्या रिअ‍ॅलिटी शोमधून नको.

एकच निवडायचा तर रॅपर प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७), लेबल आझादी रेकॉर्ड्स, बीट्स सेझ ऑन द बीटचे, टिळक नगरची दिल्ली पंजाबीत, आणि पंजाबी नाही कळली तरी पहिल्या दोन गाण्यांत अंगावर येतो. दुसरा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी (नाव असं असलं तरी हा बँड आहे) यांचा 'बिस्मिल्लाह' (२०१९). तिसऱ्यासाठी द लोकल ट्रेन या बँडचा 'आलस का पेड़' आणि प्रतीक कुहाडचा 'इन टोकन्स अँड चार्म्स' (दोन्ही २०१५) यांच्यात खुशाल भांडा, फक्त कुहाडचाच 'कोल्ड/मेस' आणू नका, तो ईपी आहे, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा, मोजक्या गाण्यांचा, आणि अल्बमच्या यादीत ईपी घुसवणाऱ्यांवर मी वेगळं लिहिणार आहे.