लिटल बिगहॉर्नला उतरण्यापूर्वी एवढं वाचा

रशमोरहून यलोस्टोनला जाताना आपली व्हॅन मोंटानात लिटल बिगहॉर्नला थांबते. दार उघडलं की समोर पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात आणि मंडळी थेट तिकडे वळतात. "कस्टरची कबर कुठली?" हा प्रश्न दर सहलीत येतो, म्हणून हे पत्रक.

अमेरिकी लष्कराचा अधिकारी कस्टर तिथे नाही. 25 जून 1876 ला लाकोटा आणि शायान या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांशी लढताना तो टेकडीवर पडला, पण पुढच्याच वर्षी त्याचे अवशेष न्यूयॉर्क राज्यात वेस्ट पॉइंटला नेले. त्याच्या बहुतेक शिपायांची हाडं टेकडीवरच्या स्तंभाभोवती एकत्र पुरली आहेत. उतारावर विखुरलेले संगमरवरी दगड 1890 मध्ये बसवले. कोण कुठे पडलं त्याच्या त्या खुणा आहेत, कबरी नव्हेत. काळ्या ढालीवर कस्टरचं नाव असलेला दगडही त्यातलाच. लाल ग्रॅनाइटचे दगड योद्ध्यांसाठी आहेत. ते बसवायला 1999 साल उजाडलं, यावर आम्ही काय बोलणार!

मग पार्किंगजवळच्या रांगा कुणाच्या? बऱ्याचशा लष्कराने सोडून दिलेल्या सरहद्दीवरच्या किल्ल्यांमधून आलेल्या. किल्ला म्हटल्यावर रायगड डोळ्यांसमोर आणू नका. लाकडी कुंपण, आत बराकी, आणि बाहेर लाकडी पाट्यांची छोटी दफनभूमी. वायोमिंगमधला फोर्ट फिल कर्नी 1866 मध्ये सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन वाटेच्या रखवालीसाठी बांधला. त्याच वर्षी 21 डिसेंबरला कॅप्टन फेटरमन 80 जणांना घेऊन बाहेर पडला आणि एकही परतला नाही. लाकोटांशी झालेल्या 1868 च्या तहानंतर सैन्याने किल्ला सोडला, शायानांनी तो जाळला. मेलेले मात्र तिथेच राहिले. 1879 मध्ये लिटल बिगहॉर्नला राष्ट्रीय दफनभूमी झाली आणि पुढे अशा ओस किल्ल्यांमधले अवशेष इथे हलवले गेले. फिल कर्नीचे आले, फोर्ट सी. एफ. स्मिथचे आले. किल्ल्यांवर वारलेल्या बायका-मुलांच्याही कबरी इथे आहेत. कित्येक दगडांवर फक्त 'अनोळखी'.

या रांगांत कस्टरला शोधण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग उन्हं चढतात, आजी-आजोबा दमतात, आणि कस्टरच्या हाताखालचे अधिकारी रेनो आणि बेंटीन जिथे लढले त्या मोर्च्यापर्यंतचा साडेचार मैलांचा रस्ता राहून जातो. त्यामुळे कृपया आधी टेकडी, मग गाडीने तो रस्ता, आणि दफनभूमी सगळ्यात शेवटी. मेजर रेनोने लढाईत काय केलं हे मोर्च्यावर ऐकलं असेल, तरच खाली त्याच्या दगडापुढे थांबण्यात अर्थ. 1880 मध्ये त्याला लष्करातून काढलं होतं. मरणानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, 1967 मध्ये, ठपका पुसून त्याला सन्मानाने इथे आणून पुरलं. कस्टरच्या क्रो जमातीच्या वाटाड्यांपैकी कर्लीही इथेच आहे.

"एका स्मशानासाठी तीन तास कशाला? इतर बसवाले चाळीस मिनिटांत उरकतात," असं आम्हाला ऐकवलं जातं. उरकता येतं, खरं आहे. पण मग परतताना गाडीत तोच प्रश्न येतो. म्हणूनच आम्ही सकाळी फिल कर्नीला थांबतो. शेरिडनच्या अलीकडे, वाटेवरच आहे. ती मोकळी जागा आधी पाहिलेली असली की इथल्या दगडांबद्दल फार सांगावं लागत नाही.

सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवा. गवतात रॅटलस्नेक असतात. पायवाट सोडू नका, मुलांनाही सोडू देऊ नका. दगडांवर बसून डबे उघडू नयेत. जेवण पुढच्या थांब्यावर आहे आणि ते सहलीच्या दरातच धरलेलं आहे. भारतातून आई-बाबा येणार असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, पुढच्या सीट त्यांच्यासाठी ठेवतो.