फाइल सिस्टिमचा कर्नलमधील समावेश

मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, नव्या फाइल सिस्टिमचा (चकतीवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) कोड दाखल होणे, त्याची देखभाल कर्नलच्या नित्य कामाचा भाग होणे आणि पुढे वितरकांनी (उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार आवृत्त्या देणाऱ्यांनी) ती फाइल सिस्टिम वापरकर्त्यांच्या हाती देणे, या सलग प्रक्रियेला येथे समावेश म्हटले आहे. सोलापुरातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात पेनड्राइव्ह पुढे केला की 'एनटीएफएस मारू की एक्सफॅट?' असे विचारले जाते, तो प्रश्न फाइल सिस्टिमचाच असतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः लिनक्सपुरती आहे.

या प्रक्रियेचा आरंभ कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. १९९१ मध्ये लिनक्स सुरू झाले तेव्हा त्यात मिनिक्स या शैक्षणिक प्रणालीची फाइल सिस्टिम होती, म्हणून काही जण तिलाच पहिला समावेश मानतात. परंतु तिला पर्यायच नव्हता, आणि निवडीला वाव नसताना समावेश म्हणणे सैलपणाचे वाटते. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ व्हीएफएस (व्हर्च्युअल फाइल सिस्टिम) या, प्रोग्रॅम आणि फाइल सिस्टिम यांच्यामधल्या, मध्यस्थ थराने झाला. त्याचा पहिला मसुदा क्रिस प्रोव्हेन्झानो यांनी लिहिला आणि कर्नलमध्ये घेण्यापूर्वी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो नव्याने लिहिला, असे एक्स्ट२ या पुढे आलेल्या फाइल सिस्टिमच्या कर्त्यांनी नोंदवले आहे. त्यानंतर एप्रिल १९९२ च्या सुमारास रेमी कार्ड यांची एक्स्ट ही फाइल सिस्टिम ०.९६सी या आवृत्तीत आली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र व्हीएफएसची कल्पना लिनक्सची नव्हे. सन कंपनीच्या युनिक्समध्ये १९८५-८६ च्या सुमारास व्हीनोड नावाने ती रूढ झाली होती, आणि एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्येही त्याच दशकात तशीच सोय झाली.

या थराचे काम सोलापुरी चादरीच्या मागावरून समजून घेता येते. चादरीवरची नक्षी जकार्डच्या पंचकार्डांतील भोके ठरवतात. नक्षी बदलायची तर कार्डांची माळ बदलतात, माग नवा घेत नाहीत, फक्त कार्डावरील भोकांची मांडणी त्या जकार्डशी जुळावी लागते. व्हीएफएसही फाइल सिस्टिमकडून ठरावीक मांडणीच मागतो: सुपरब्लॉक (संपूर्ण फाइल सिस्टिमची नोंद), आयनोड (एका फाइलची नोंद), डेंट्री (फोल्डरमधील नावाची नोंद) आणि फाइल (उघडलेली फाइल) या चार वस्तूंवर करावयाच्या क्रिया तिने पुरवाव्यात, मग वरच्या प्रोग्रॅमला खाली एक्स्ट४ आहे की एक्सएफएस हे कळण्याचे कारण उरत नाही. उपमा येथवरच चालते. चुकीच्या कार्डाने विणली जात असलेली चादर बिघडते, तर चुकीची फाइल सिस्टिम पूर्वीच रचून ठेवलेला मालही बिघडवू शकते, आणि समावेशातली सावधगिरी त्यातूनच येते.

मिनिक्सची मर्यादा सोलापूरकराला चटकन पटेल अशी आहे. तिचे खंड-क्रमांक (चकतीवरील जागेच्या तुकड्यांचे क्रमांक) १६ बिटांचे असल्याने १ किलोबाइटचे जास्तीत जास्त ६५,५३६ खंड, म्हणजे ६४ मेगाबाइट, एवढीच जागा मिळे. फाइलच्या नावाला १४ बाइट होते. आजच्या यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्राही वेगळे चिन्ह म्हणून मोजली जाते, त्यामुळे 'सोलापूर' या शब्दाला २१ बाइट लागतात. १४ बाइटांत 'सोला' एवढेच मावेल. एक्स्टने नावाची मर्यादा २५५ बाइटांवर आणि जागेची २ गिगाबाइटांवर नेली, पण मोकळ्या खंडांची नोंद ती साखळीत ठेवी, म्हणून वापर वाढला की फाइली विखुरत. जानेवारी १९९३ मध्ये आलेल्या एक्स्ट२ ने हा दोष काढला. त्याच सुमारास आलेली झियाफ्स सुरुवातीला अधिक स्थिर होती, तरी विस्ताराला जागा राखून ठेवल्याने एक्स्ट२ टिकली आणि दशक संपण्यापूर्वीच झियाफ्स कर्नलमधून काढली गेली.

नावांचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. 'कोऱ्या चादरी' यातला 'ऱ' एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'र' ला नुक्ता (खालचे टिंब) जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिमा नावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात. एक्स्ट४ मध्ये २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून युनिकोडच्या नियमांनी नावे ताडण्याची ऐच्छिक सोय आहे.

समावेशासाठी कोड वेगवान असणे पुरत नाही. तो कर्नलच्या सामाईक सोयी वापरतो का, मूळतः एक्सएफएससाठी रचलेल्या आणि आता सर्वांना लागू असलेल्या एक्सएफएस-टेस्ट्स चाचण्यांत तो टिकतो का आणि पुढे तो कोण सांभाळणार, हे पाहिले जाते. राइझर४ या फाइल सिस्टिमला प्रवेश मिळाला नाही, कारण तिची प्लगइन (जोड-सुविधा बसवण्याची) यंत्रणा व्हीएफएसमध्ये असायला हवी, एका फाइल सिस्टिमच्या पोटात नव्हे, असा आक्षेप होता. चकतीवरील मांडणी लोकांच्या हाती गेली की ती बदलणे अवघड होते. म्हणूनच एक्स्ट४ ही २००६ मध्ये २.६.१९ आवृत्तीत 'एक्स्ट४डेव्ह' या सावध नावाने आली आणि डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये ते शेपूट गळाले.

जर्नल असलेल्या फाइल सिस्टिमांत राइझरएफएस २००१ च्या आरंभी २.४.१ मध्ये प्रथम आली, आणि एक्स्ट३ त्याच वर्षी नोव्हेंबरात. जर्नल म्हणजे व्यापाऱ्याची रोजकीर्दच: बदल आधी तिच्यात टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर अर्धवट खतावणी रोजकीर्दीवरून पुरी करता येते. मध्येच वीज जाणे म्हणजे काय, याचे यंत्रमागाच्या गावात अधिक विवरण नको.

परवान्याचा अडथळा झेडएफएसच्या बाबतीत ठळक दिसतो. सनने ती २००५ मध्ये सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. फ्रीबीएसडीने २००७ मध्ये ती स्वीकारली, परंतु लिनक्सच्या जीपीएल परवान्याशी सीडीडीएल विसंगत मानला जात असल्याने मूळ लिनक्स कर्नलमध्ये ती आजही नाही. उबुंटूने २०१६ मध्ये ती मोड्यूल (कर्नलला वेगळा जोडता येणारा भाग) म्हणून सोबत दिली, तिच्या कायदेशीरपणाविषयी मात्र मतभेद आहेत. एक्सफॅटची वाट मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तपशील प्रसिद्ध केल्यावर मोकळी झाली आणि २०२० च्या ५.७ आवृत्तीत सॅमसंगने लिहिलेला कोड आला. त्यापूर्वी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले चित्रण एक्सफॅट कार्डावरून लिनक्सवर उतरवायचे, तर सहसा फ्यूजवर (कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवण्याच्या सोयीवर) आधारलेला वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागे.

कर्नलमध्ये आलेली फाइल सिस्टिम वितरकांनीही स्वीकारावी असे नाही. बीटीआरएफएस २००९ मध्ये २.६.२९ मध्ये आली. ओपनसूसेने २०१४ मध्ये आणि फेडोराने डेस्कटॉपसाठी २०२० मध्ये ती मूळ निवड केली, तर रेड हॅटने त्याच २०१४ मध्ये आपल्या व्यावसायिक आवृत्तीसाठी एक्सएफएस निवडली आणि पुढे बीटीआरएफएस वगळलीही.

समावेश मागेही घेतला जातो. बीकॅशएफएस जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये आली. स्थिरीकरणाच्या काळात (नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी केवळ दोष काढण्याच्या काळात) किती आणि कोणते बदल पाठवावेत यावरून तिचे कर्ते केंट ओव्हरस्ट्रीट आणि टोरवाल्ड्स यांच्यात वारंवार खटके उडाले. ६.१७ मध्ये तिला 'बाहेरून सांभाळली जाणारी' ठरवले गेले आणि ६.१८ मध्ये कोडच काढला गेला. कोडच्या गुणवत्तेपेक्षा कामाच्या शिस्तीचा हा वाद होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. राइझरएफएसचा शेवट असा गाजला नाही. सांभाळणारे उरले नाहीत, म्हणून २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरली आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ पासून कर्नलमध्ये नाही. कोणाकडे तिची जुनी चकती असेल, तर त्याआधीच्या कर्नलवर ती जोडून माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी लागते.