डेली स्क्रम म्हणजे मॅनेजरपुढची हजेरी नव्हे

काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? रोज सकाळी मॅनेजरला या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, झालं, हा समज आयटीत घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे. स्क्रम ही टीमने काम करायची पद्धत घडवणाऱ्या श्वेबर आणि सदरलँड यांच्या स्क्रम गाइडने, म्हणजे तिच्या नियमपुस्तिकेने, हे प्रश्न २०१७ मध्ये ऐच्छिक केले, २०२० मध्ये तर काढूनच टाकले.

ही १५ मिनिटं डेव्हलपरांची. स्प्रिंटच्या (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याच्या) ध्येयाकडे कुठवर आलो ते पाहायचं आणि गरज असेल तर लगेच पुढचं काम बदलायचं. पेमेंटचं टेस्टिंग अडलेलं दिसलं, तर रिपोर्टची स्क्रीन करणाऱ्याने ती बाजूला ठेवून तिकडे हात लावायचा. खरं तर यासाठीच सगळ्यांना एकत्र बोलवायचं! मॅनेजरला प्रगती कळायला हवी, हे रास्तच; त्यासाठी कोणतं काम कुठवर आलं ते दाखवणारा बोर्ड दिवसभर उघडा असतो.