पुण्याच्या उन्हाळी हौसेची मुळं

एप्रिल संपत आला की पुण्यात मुलांसाठी मातीकामाची शिबिरं सुरू होतात. चाकावर एखादी वाटी, रंगवायला दोन पणत्या, वर कोकम सरबत, आणि त्यासाठी पालक हौसेने पैसे मोजतात. कसब्यातल्या कुंभारवाड्यात हेच काम सुट्टी लागली की पोरांच्या मागे लागायचं. माती चाळा, लीद कालवा, तुडवा, माठ उन्हाला लावा. माठ खपतात ते होळीपासून वळवापर्यंत, त्यामुळे कुंभाराला हेच दिवस कमाईचे.

गच्चीवरची बाग, हाताने केलेल्या वस्तू, शनिवार-रविवारचं गाव. या तिन्ही गोष्टी आपण आता विरंगुळा म्हणून करतो. पुण्यात मात्र त्या आधी कुणाची तरी रोजीरोटी होत्या, आणि शहराने ती रोजीरोटी मोडल्यावरच त्या हौस म्हणून परत आल्या.

बागांचंच बघा. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग ही नावं रोज तोंडात असतात, पण तिथे झाड शोधावं लागतं. तुळशीबाग ही खाजगीवाले सरदारांची बाग. १७६१ मध्ये नारो आप्पाजी खिरे यांनी तिथे राममंदिराचं काम सुरू केलं. पुढे देवळाभोवती दुकानं आली आणि खिऱ्यांचे तुळशीबागवाले झाले. आता तिथे मिळते ती पितळी भातुकली आणि बांगड्या. सारसबागेची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं तळं होतं आणि गणपती बेटावर होता. तळं गेलं आणि त्या जागी बाग झाली. जुने लोक अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात.

पेशवाईत शहर वाढलं आणि नदीवर, आडांवर भागेना, तेव्हा अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून पाणी शहरात आणलं. दगडी नळ, नुसत्या उतारावर वाहणारं पाणी आणि वाटेत हवा मोकळी व्हायला बांधलेले उच्छ्वास. शेवटी काळ्या हौदासारखे शहरातले हौद. गच्चीवर ठिबकची नळी जोडताना उताराचं गणित चुकवलेल्या माझ्यासारख्याला या कारागिरांचं फार कौतुक वाटतं.

या बागा आणि वाडे फुलवणारी माणसं कोण होती, याचं एक उत्तर एका आडनावात आहे. साताऱ्याकडच्या कटगुणचं गोऱ्हे घराणं पुण्यात आलं, फुलांच्या धंद्यात पडलं, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागलं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. जोतीराव याच घरातले. वाडा सजायचा तो माळ्याच्या पहाटेवर, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पुढे खडकवासल्याच्या धरणातून कालवा निघाला, तेव्हा जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या भव्य इमारतीला मात्र त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत तरीही झाली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे, हा खास पुणेरी न्याय!

हौस म्हणून बाग करण्याची आजची रीत मात्र बरीचशी कँपातून, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी वस्तीतून आली. पश्चिम भारताची कृषी-उद्यानविद्या संस्था १८३० ची. लष्कराच्या सैनिकांसाठी असलेली बाग पुढे या संस्थेकडे आली, आणि राणी व्हिक्टोरियाने सम्राज्ञी ही पदवी घेतल्यावर ती एम्प्रेस गार्डन झाली. जानेवारीतलं तिथलं पुष्पप्रदर्शन पाहून आलं की पेठेतल्या काकूही कुंडीत डेलिया लावायच्या. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ ची. तिथली आंब्याची जुनी मातृवृक्षं, म्हणजे ज्यांच्यापासून कलमं करतात ती झाडं, अजून उभी आहेत आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आज गच्चीवर बाग करणाऱ्याला आणखी एक आमिष आहे: गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय केली तर महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. पुणेकर मोगऱ्यासाठी जेवढा राबेल, त्याहून थोडा जास्त सवलतीसाठी राबेल.

हस्तकलेचा इतिहास आळ्यांच्या नावात आहे. तांबट आळी, बुरूड आळी, कागदीपुरा. पेशव्यांच्या आश्रयाने कोकणातून आलेल्या तांबटांनी बंब, हंडे, घंगाळं घडवली. पत्र्यावर ठोके देऊन त्याला बळकटी आणि चमक आणायची, त्याला मठारणं म्हणतात. स्टील आणि गिझर आल्यावर ही आळी जवळजवळ गप्प झाली. अलीकडे डिझायनर मंडळींनी तिथल्या कारागिरांकडून दिवे, फुलदाण्या करून घ्यायला सुरुवात केली आणि हातोडीचा आवाज थोडा परत आला. घंगाळं आता दिवाणखान्यात असतं. त्यात आंघोळीचं पाणी नसतं, मोगऱ्याची फुलं तरंगत असतात. बुरूड आळीत टोपल्या, सुपं, रोवळ्या मिळतात, पण आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके आल्यापासून करंड्यांची मागणी घटली.

मे महिन्यातल्या शिवणकाम-भरतकामाच्या क्लासांचं मूळही हौसेत नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, तेव्हा तिथल्या शिवणवर्गाचा हेतू बाईला, विशेषतः विधवेला, स्वतःच्या पायावर उभं करण्याचा होता. हातकागदाचंही तसंच. कागदीपुऱ्यातले कागदी आणि जुन्नरचा कागद यांवर पेशवे दफ्तर चाललं. गिरण्यांनी तो धंदा बसवला. १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था काढली ती ग्रामोद्योग म्हणून. तिथले रंगीत कागद आज आपण भेटकार्डांसाठी आणतो.

आणि गाव. डॉ. हॅरल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी शहराजवळच्या एका खेड्याची जमीन, कर्ज, घरं सगळं मोजून १९१७ मध्ये अभ्यास छापला. १७७१ मध्ये तिथे सरासरी शेत ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमारास ७ एकरांचं. वाटण्या होत होत शेत इतकं लहान झालं की त्यावर घर चालेना. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आहेत आणि जाहिरातीत प्रत्येकीला ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हटलेलं असतं. तिथला माणूस शनिवारी मुळशीला नाहीतर भोरला शेत बघायला जातो आणि मग कळतं की सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेतजमीन घेता येत नाही. ही अट १९४८ च्या कुळकायद्याची. मग एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट नाहीतर कृषी पर्यटन. कृषी पर्यटनाची सुरुवात २००५ मध्ये बारामती भागातून पांडुरंग तावरे यांनी केली आणि राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं. पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी, झाडावरची जांभळं. शेतकऱ्याला त्यात चार पैसे सुटतात, ही मला यातली सगळ्यात चांगली बाजू वाटते.

कसब्यातले बरेच कुंभार नंतर मुंढव्याला, केशवनगरात गेले. आता त्यांच्या भट्ट्यांभोवतीही टॉवर आहेत. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तिथे गेलो होतो. उदककुंभ द्यायला एक लहान घागर घेतली, शेजारी तशीच आणखी एक दिसली, तीही उचलली. मावशींनी ती हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवली, आवाज ऐकला आणि विचारलं, “ही पाण्याला का झाडाला? झाडाला असंल तर बुडाला भोक पाडून देते.”

मी म्हटलं, पाडा.